कापूस गेला तर जाऊ द्या

आमच्या साडूभाऊंइतका संशयी माणूस जालना जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि कुणी असलाच तर साडूभाऊंना त्याचाही संशय येईल. ते माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत त्यांनी उभी हयात काढली. तिथं त्यांचं काम एकच होतं. पिशवीवर काय छापलं आहे ते विसरायचं, बी ओल्या कागदात गुंडाळायचं आणि ते खरोखर उगवतं का ते बघत बसायचं. ज्याला शंका घेण्याचा पगार मिळतो, तो घरी आल्यावर तरी शंका घ्यायचं कसा थांबणार? चहात साखर घातली आहे असं बायकोनं सांगितलं तरी ते आधी चमच्याच्या टोकानं चाखतात. फलाटावर उभी असलेली गाडी कुठली, हे ते पाटीवर वाचतात, हमालाला विचारतात, आणि डब्यात बसल्यावर समोरच्या प्रवाशालाही विचारतात. तो प्रवासी तरी बरोबर गाडीत बसला आहे ना, याची चौकशी त्यानंतर होते. मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी माझ्या सासूबाईंना फार अदबीनं विचारलं होतं, "लग्नात हीच असंल न्हं?" सासूबाई पदर तोंडाला लावून "हीच" म्हणाल्या. तरी मांडवात हार घालायच्या आधी साडूभाऊ क्षणभर थांबले आणि त्यांनी नीट निरखून घेतलं. मी शेजारीच उभा होतो.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुलानं त्यांना डिजिटल कॅमेरा घेऊन दिला. आता वडिलांचं मन रमेल, असं त्याला वाटलं. कॅमेऱ्यावर एक गोल चकती होती. ती हिरव्या खुणेवर ठेवली की सगळं कॅमेराच ठरवतो, आपण फक्त बटण दाबायचं. साडूभाऊंनी हिरवी खूण एकच दिवस वापरली. त्या दिवशी ते धावड्याला त्यांच्या चुलतभावाच्या शेतावर गेले होते. तिथं त्यांनी आधी काळ्या म्हशीचा फोटो काढला, अगदी जवळून, चौकटीत म्हशीशिवाय काही दिसू नये असा. मग पांढऱ्या बैलाचा तसाच काढला. संध्याकाळी ते थेट टेंभुर्णीला माझ्याकडे आले, आणि पाणीही न पिता त्यांनी दोन्ही फोटो मला दाखवले. म्हैस राखेच्या रंगाची झाली होती आणि बैलही राखेच्याच रंगाचा झाला होता.

"सर," ते आवाज खाली आणून म्हणाले, जणू कॅमेरा ऐकत होता, "याला म्हैस कळत न्हाई. याला बैल बी कळत न्हाई. याला समदी दुनिया राखाडी पाह्यजे. अन् लोक याच्या भरवशावर लग्नं लावून राह्यलेत!"

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. यंत्रांचं मला काही कळत नाही, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. समोर काय आहे ते कॅमेऱ्याला ठाऊक नसतं. तो सगळ्याचा मध्यम उजेड गृहीत धरतो आणि काळ्याला उजळवतो, पांढऱ्याला मळवतो. त्या दिवसापासून साडूभाऊंनी चकती 'एम'वर आणली. म्हणजे भिंगाचं भोक किती उघडायचं, आतला पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, कॅमेऱ्याची नजर उजेडाला किती तिखट ठेवायची, सगळं आपल्या हातानं ठरवायचं. चकती कुणी चुकून फिरवेल म्हणून तिच्यावर त्यांनी जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावली. रोज सकाळी ती पट्टी सुटली नाही ना, हेही ते बघत.

याचा परिणाम असा झाला की साडूभाऊंच्या फोटोत प्रसंग कधीच नसायचा, प्रसंग उरकल्यावरची माणसं असायची. धावड्याच्या त्याच चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मांडवाच्या कापडातून येणाऱ्या लालसर उजेडाचा हिशेब करत होते. तो जमला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि वाजंत्रीवाले पाणी पीत होते. साडूभाऊ पुढे झाले आणि भटजींना म्हणाले, "महाराज, त्यो अंतरपाट जरा पुन्हा धरा."

"अहो, लागलेलं लग्न पुन्हा कसं लावू?"

"लावू नका. नुसतं धरा. आता उजेड बराबर झालाय."

भटजींनी मुलीच्या बापाकडे पाहिलं आणि बापानं आभाळाकडे. शेवटी नवरदेवच म्हणाला, "धरा महाराज, न्हाई तर काका जेवू देत न्हाईत." फोटो मात्र असा आला की त्या घरात आजही तोच भिंतीवर आहे.

पण जसा साडूभाऊंना जगाचा संशय, तसा हळूहळू जगालाही साडूभाऊंचा संशय येऊ लागला. उजेड मोजायची त्यांची रीत होती ती अशी: ज्याचा फोटो काढायचा त्याला जागेवर बसवायचं आणि तळहात पुढे करायला सांगायचं. चेहरे नाना रंगांचे असतात, तळहात सगळ्यांचे जवळजवळ सारखेच, म्हणून त्यांचा तळहातावर भरवसा. एका म्हातारीला वाटलं की हे हात बघतात. तिनं हात पुढे करून विचारलं, "नातवाचं कधी जमंल?" साडूभाऊ म्हणाले, "थांबा, ढग आलाय." ते ऐकून म्हातारी चिंतेत पडली. पुढे त्यांनी तिला साध्या भिंतीसमोर एकटीला बसवलं, तेव्हा तिच्या लक्षात भलतंच आलं. आमच्याकडे म्हातारं माणूस गेलं की घोळक्यातल्या फोटोतून त्याचं डोकं कापून काढतात आणि मोठं करून हार घालतात. एकट्याचा, सरळ बघणारा, चांगला फोटो म्हणजे कशाची तयारी, हे सगळ्यांना कळतं. म्हातारी उठलीच. "मला एकलीला नगं काढू, बापा. सुनंला बसव बाजूला." तेव्हापासून साडूभाऊ कॅमेरा घेऊन आले की पारावरची म्हातारी माणसं एकेक करून कामाला निघून जात.

माझ्या बायकोनं मात्र त्यांना स्वतःहून कॅमेरा काढायला लावला.

ती रंगानं काळी होती. त्याचं तिला दुःख नव्हतं, पण फोटोंचा राग होता. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये स्टुडिओवाल्यानं तिला इतकी उजळवली आहे की माझ्या शेजारी पिठाची बाई उभी असावी. पुढे मोबाइल आले, तेव्हा उलटं झालं. पांढऱ्या कपड्यांतल्या पाहुण्यांमध्ये ती उभी राहिली की एक काळा डाग आणि दात एवढंच यायचं. ती म्हणायची, "मी काळी हाय, मला म्हाईत हाय. पन किती काळी, ते कुठल्याच फोटोत बराबर न्हाई."

त्या हिवाळ्यात तिचं दुखणं वाढलं होतं. डॉक्टर आमच्याशी फार मऊ बोलू लागले होते, आणि त्याचा अर्थ तिनं माझ्या आधी ओळखला होता. साडूभाऊ भेटायला आले, कॅमेरा पिशवीतच ठेवून बसले. तिनं विचारलं, "दाजी, पिशवीत काय हाय?"

"काही न्हाई, अक्का."

"मंग ते काही न्हाई बाहेर काढा. अन् माझा एकलीचाच काढा."

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

आमच्या पुढच्या खोलीत तेव्हा छपरापर्यंत कापूस भरलेला होता. भाव जरा वर येईल म्हणून ठेवलेला. दार उघडलं की बाहेरचं ऊन त्या कापसावर पडायचं आणि सगळी खोली दुधासारखी व्हायची. तिला तिथंच बसायचं होतं, कारण तिथं ऊब होती. साडूभाऊंना ती जागा मुळीच पसंत नव्हती. एवढं पांढरं मागे असलं की कॅमेरा फसतो आणि माणूस काळवंडतो, असं त्यांचं म्हणणं. ते कापसाकडे असे बघत होते की जणू तो मुद्दाम तिथं येऊन बसला आहे. त्यांनी तिला तळहात पुढे करायला सांगितलं, उजेड मोजला, आकडे फिरवले, एक फोटो काढला, मान हलवली, पुन्हा फिरवले. ती शाल सारखी करत म्हणाली, "दाजी, जल्दी करा. न्हाई तर एवढ्या येळात मी गोरी हुईन."

अखेर त्यांनी एक फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्याकडे बघत राहिले. तिचा चेहरा हुबेहूब तिचा होता. पण तिच्या मागचा कापूस पडद्यावर लुकलुकत होता. तिथं काही उरलेलं नाही, नुसता कोरा पांढरा झाला आहे, असं कॅमेरा सांगत होता. साडूभाऊंचा जीव अडकला. ज्या माणसानं आयुष्यभर सरकी उगवते का ते बघितलं, त्याला बोंडाचा एक धागाही फोटोतून सोडवेना. कापूस ठेवला तर चेहरा अंधारात जातो, चेहरा ठेवला तर कापूस जातो. दोन्ही एकदम राहत नाहीत, हे त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं.

"अक्का, कापूस जातोय," ते म्हणाले.

"जाऊ द्या की. त्यो काय, पुढल्या दिवाळीला परत येतो."

साडूभाऊंनी ते आकडे तसेच ठेवले आणि आणखी एकच फोटो काढला. काढल्यावर तो पडद्यावर तपासून पाहिला नाही. माझ्या आठवणीत न तपासलेला तो त्यांचा एकमेव फोटो.

दिवाळीच्या बऱ्याच आधी ती गेली. दहाव्याच्या आत फोटो मोठा करून आणायचा होता. साडूभाऊ मला मोटारसायकलवर मागे बसवून नवीन जालन्याला घेऊन गेले. स्टेशनच्या रस्त्याला फोटो छापून देणारं एक दुकान आहे. मालक मारवाडी, सज्जन माणूस, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. त्यानं फोटो छापून दिला. त्यात माझी बायको गव्हाळ झाली होती. साडूभाऊंनी तो परत सरकवला. दुसरा आला, त्यात ती थोडी अजून उजळ.

"काका, आम्ही काही नाही करत," मालक म्हणाला, "मशीन आपोआप दुरुस्त करतं. सगळ्यांना आवडतं."

"मशीननं अक्काला कधी पाह्यलं?"

साडूभाऊ काउंटर ओलांडून आत गेले. "दुरुस्ती बंद करा. बिलकुल बंद." मालकानं संगणकावरची कुठलीतरी एक खूण काढून टाकली. "झाली बंद, काका." साडूभाऊंनी मला डोळ्यानं विचारलं, याच्यावर भरवसा ठेवावा का? ते यंत्राच्या तोंडाशी वाकून उभे राहिले. कागद हळूहळू बाहेर सरकू लागला. आधी पांढरं आलं, मग शाल, आणि मग ती. साडूभाऊंनी कागद हातात घेतला, दारापाशी उजेडात नेला, आणि कितीतरी वेळ आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मालकानं मला विचारलं, "काही चुकलं का?" मी म्हटलं, "नाही. बराबर आहे."

फ्रेम मी पुढच्या खोलीत लावली होती. पुढच्या खेपेला साडूभाऊ आले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "सर, हितं न्हाई. दुपारी ऊन येतं हितं. उन्हानं रंग उडतो. दोन-चार वर्षांत अक्का उजळतील." आणि त्यांनी स्वतः खिळा ठोकून ती आतल्या खोलीत लावली, जिथं कधीच ऊन येत नाही. अजूनही येतात तेव्हा ते आधी आत जातात, जवळून बघतात, बोटानं काच पुसतात, आणि बाहेर येऊन मला सांगतात, "हाय तशाच हायेत."

संध्याकाळी मी त्या खोलीत जाऊन बसतो. बाहेरून आल्यावर प्रथम काहीच दिसत नाही, नुसता एक पांढरा चौकोन. मी दिवा लावत नाही. जरा बसलं की डोळे सरावतात, आणि मग ती दिसू लागते.