वास न येणाऱ्या बाई

डोंबिवलीत कारखान्यांचा वास सुटला की मी आधी आमच्या खिडक्या लावते, मग समोरच्या बाईंचं दार वाजवते. एका तापानंतर त्यांना वासच येत नाही. रोज सकाळी गॅलरीत संत्र्याची साल हुंगतात आणि मान हलवतात.

प्रयोगशाळेत त्या रक्तातल्या बचावपेशी तपासतात. एकदा म्हणाल्या, "अहो, या पेशींवरही नाकातल्यासारखे वास टिपणारे गंधग्राही असतात. ठरावीक रेणू भिडले की त्या सूज वाढवतात. म्हणजे माझ्यात मला सोडून सगळ्यांना वास येतो."

त्या दिवशी भाजी निवडताना मी माझ्याच मनगटावरच्या शिरांकडे बघत राहिले.

काल वास सुटला म्हणून दार वाजवलं, तर ते उघडंच होतं आणि त्या सताड उघड्या खिडकीत डोळे मिटून उभ्या.

"खिडकी लावा हो."

"थांबा जरा. मला येतोय वाटतं. सडक्या अंड्यासारखा ना?"

मीही त्यांच्याशेजारी उभी राहिले. खिडकी उघडीच राहिली.