दाजींची पोवळी

परीक्षेच्या कामासाठी सोलापूरहून सांगोल्याला गेलो होतो, तिथल्या केंद्रावर मला दाजी गेल्याची बातमी मिळाली. भूगोलाचा पेपर चालू होता, मी वर्गात फेऱ्या मारत होतो आणि शिपाई दारात येऊन नुसताच उभा राहिला. आत येईना. शेवटी मीच बाहेर गेलो. "सर, सोलापूरचा फोन आलता हापिसात. तुमचं दाजी गेलं म्हणं..." एवढं बोलून त्याने मान खाली घातली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. गिरणीच्या रंगखात्यात मास्तर होते. आजार नाही, दुखणं नाही. सकाळी दाढी करता करता छातीत कळ आली आणि संपलं. सोलापूरच्या एस.टी.त बसलो तेव्हा खिडकीची सळई हाताला पोळत होती. रडू येत नव्हतं, नुसती चुळबुळ होत होती. पाय लांब करावेत तर समोर कुणाची तरी ट्रंक. आणि डोक्यात सारखा एकच प्रश्न, अशा वेळी येऊ नये असा... दाजी सकाळीच गेले, म्हणजे आज टाकीत पाणी कोणी घातलं असेल?

टाकी म्हणजे दाजींच्या पुढच्या खोलीतली काचेची मोठी पेटी. त्या पेटीत समुद्र होता. आमच्या गावाला उन्हाळ्यात प्यायचं पाणी धड मिळत नाही आणि हा गृहस्थ घरात समुद्र पाळून बसला होता! गिरणीतल्या कुणाच्या तरी बहिणीच्या लग्नाला म्हणून दाजी एकदा रत्नागिरीला गेले. वऱ्हाडी जेवून आडवे झाले आणि हे ओहोटीच्या वेळी खडकांवर जाऊन बसले. तिथल्या खळग्यांत दगडाला चिकटलेली, शर्टाच्या बटणाएवढी हिरवी-तपकिरी फुलं दिसली. बोट लावलं की मिटायची, जरा वेळाने परत उघडायची. फुलं कसली, तो जीवच; पोवळं ज्या जातीचं त्यांची ही चुलत भावंडं, असं दाजींनी नंतर कुठून तरी वाचून काढलं. त्यातला मुठीएवढा एक दगड त्यांनी स्टीलच्या डब्यात घालून आणला, आणि मग त्याच्यासाठी सगळा संसार उभा केला. कोकणातून नारळ आणणारा एक ट्रकवाला गाठला. तो गिरणीतले रिकामे काचेचे बुधले भरून समुद्राचं पाणी आणून द्यायचा. पाण्यातलं मीठ मोजायला रंगखात्यातली तरंगती नळी आली, हवा सोडायला गुरगुरणारा एक लहानसा पंप आला. गल्लीत बातमी पसरली की मास्तरांकडे पोवळी आहेत. ज्योतिषाने मंगळासाठी पोवळ्याची अंगठी घालायला सांगितलेला एक जण तर सोनाराला सोबत घेऊनच दारात हजर झाला. दाजींनी त्याला चहा पाजला, फुलं दाखवली आणि पाठवून दिलं. आक्का आठवडाभर हसत होती.

मला मात्र त्या पेटीचं काही कळायचं नाही. "दाजी, त्यापेक्षा मासे पाळा की. हे ना हलत, ना काही," असं मी म्हणायचो. "हलत्यात की. तुला बसून बघायला दम कुटं हाय?" हे बोलणार कोण, तर ज्यांना स्वतःला कुठेही स्वस्थ बसता येत नव्हतं ते! जेवताना ताटावरून दोनदा उठायचे. सिनेमाला गेलो तर मध्यंतरापर्यंतच. माणूस सतत काहीतरी विसरल्यासारखा वागायचा. फक्त त्या पेटीसमोर स्टूल घेऊन बसले की पायाचा अंगठासुद्धा हलायचा नाही. त्यांना तसं बघण्यासाठी म्हणून मी तिथे बसायला लागलो आणि मग बसतच राहिलो.

बाहत्तरच्या दुष्काळात ही पेटी सगळ्यांच्या डोळ्यांवर आली. तिचं गणित असं, की उन्हाने नुसतं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज वरून गोडं पाणी घालावं लागतं, दोन-तीन तांबे. नळाला करंगळीएवढी धार येत होती, तीही एखाद्या दिवशीच. एक शेजारीण खिडकीतून ओरडली, "माणसं टँकरमागं पळत्यात आन् तुमच्यात किड्यांना आंघोळ!" दाजींनी तिला हाताला धरून आत आणलं, पेटीतल्या पाण्यात बोट बुडवून चाखायला लावलं. खारट लागताच थू करून ती निघून गेली. बाकीचे हसले, दाजी हसले नाहीत. पेटीतल्या पाण्याबद्दल ती चुकली होती, पण रोजच्या तांब्यांबद्दल तिचं बरोबरच होतं. त्या दिवसापासून त्यांनी ते पाणी स्वतःच्या वाटणीतून काढायला सुरुवात केली. आधी आंघोळ सोडली. मग घरात पाणी पिणंच सोडलं. गिरणीत प्यायचं तेवढंच. ओठ फुटले. शेवटी आक्का कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "ह्या घरात एक तर तुमी वाळायचं, न्हाय तर ती टाकी. उद्या मी तिच्यात धुण्याचा सोडा वतीन, मग मला बोलू नका."

फुलं देऊन टाकायचं ठरलं. पण कुणाला? त्या काळी गावात पेट्या बाळगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांच्याकडे मासे. त्यातल्या दोघांची तयारी होती. एक रेडिओ दुरुस्त करणारे शकूरभाई, त्यांच्या मोहल्ल्यातल्या आडाला थोडं तरी गोडं पाणी टिकून होतं. दुसरा श्रीनिवास, घरच्या मागावर चादरी विणणारा. दाजी आधी दोघांच्याही घरी जाऊन आले. मीही सोबत होतो. चहा घेतला, ऊन कुठल्या भिंतीवर येतं ते विचारलं, दुपारी घरात कोण असतं, डासांसाठी धूर करता का... आणि मग बायकांना बाहेर बोलावून विचारलं, "वहिनी, तुमाला चालंल न्हवं?" मी कुजबुजलो, "दाजी, सोयरीक जमवताय का?" तर म्हणाले, "मग? घरच्या बाईला पटलं नसंल तर तितं काय जगत न्हाय." दगड छिन्नीने फोडला, त्याचे तुकडे नव्या दगडांवर गिरणीच्या सुती धाग्याने बांधले. सुती धागा पाण्यात काही आठवड्यांत कुजून जातो, तोवर जीव दगडाला धरतो. नायलॉनला त्यांनी कधी हात लावू दिला नाही. स्वतःकडे एकही तुकडा ठेवला नाही. आक्का म्हणाली होती, एवढासा ठेवा की. ते नुसतेच मान हलवत राहिले.

फुलं गेली आणि दाजी सुटे झाले. संध्याकाळी सायकल काढायचे आणि कधी इकडे, कधी तिकडे. पाण्यात हात घाल, वास घे, नळी सोडून बघ. एवढा वैताग की शकूरभाईंची बायको त्यांच्या सायकलची घंटी ऐकूनच चहाचं आधण ठेवायची. श्रीनिवासकडची फुलं महिनाभरातच आक्रसली आणि पांढऱ्या बुळबुळीत थराखाली विरून गेली. त्याने प्यायचं पाणी वाचवायचं म्हणून रोज बुधल्यात उरलेलं समुद्राचंच पाणी वरून ओतलं होतं. समुद्रातल्या जीवाला समुद्राचं पाणी, यात चूक ती काय, असं त्याला वाटलं. मीठ वाढत गेलं. तो पोरगेल्या आवाजात "मास्तर, मास्तर" एवढंच म्हणत होता. दाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझी नियत चांगली होती बे. हिशेब तेवढा चुकला." परत येताना सायकलवर बसले नाहीत, ती हाताने ढकलत घरापर्यंत आणली. पुढच्या वर्षी पाऊस झाला. एके दिवशी शकूरभाई आपण होऊन डबा घेऊन दारात आले. त्यांच्याकडचा तुकडा वाढून दगडभर झाला होता, त्यातला अर्धा त्यांनी आणला होता. "मास्तर, ये तुमारी अमानत." दाजी डबा हातात घेऊन सगळ्यांसमोर रडले. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं.

...आणि आता मी संध्याकाळच्या वेळेला त्याच घरात शिरत होतो. अंगण माणसांनी भरलेलं. मी पोचायच्या आतच माती झाली होती. आक्का भिंतीला टेकून बसली होती. तिच्याजवळ बसलो, बराच वेळ बसलो, आणि मग काहीतरी खटकतंय असं वाटायला लागलं. गुरगुर ऐकू येत नव्हती. पंप बंद होता. वेळापूरहून आधीच राहायला आलेल्या दाजींच्या आत्याबाईंनी सकाळीच बटण बंद केलं होतं. दुःखाच्या घरात रेडिओ लावत नाहीत, तसंच हे. "घरातलं माणूस गेलंय आन् ह्येचं आपलं चालूच!" त्या म्हणाल्या. त्यांच्यावर काय रागवायचं? मी बटण दाबलं, पाणी ढवळलं. त्याला वास यायला लागला होता. सगळी फुलं मिटून काळपट झाली होती.

तिसऱ्या दिवशी शकूरभाई आणि श्रीनिवास भेटायला आले. दोघं सतरंजीवर बसले, हात जोडले. पण दोघांच्या नजरा चोरून पेटीकडे जात होत्या. माझीही जात होती. बाई विधवा होऊन समोर बसलेली आणि तीन शहाणे पुरुष दगडाकडे बघताहेत! शेवटी आक्काच बोलली, घसा बसलेला होता तिचा. "बघत काय बसलाय? जिवंत हाय का न्हाय?" शकूरभाई उठले, वाकून बराच वेळ बघत राहिले. "मरे नै, भाभी. रुसे हैं." "मग घेऊन जावा की. मला एकटीला ह्ये हुयाचं न्हाय. आन् सगळं एकाच घरात ठेवू नका." सुतकातल्या घरात छिन्नी वाजायला नको म्हणून शकूरभाईंनी दगड ओल्या फडक्यात गुंडाळून परसात नेला. तीन तुकडे झाले. धागा आक्कानेच दिला. एक त्यांच्याकडे, एक श्रीनिवासकडे, एक पेटी-पंपासकट माझ्याकडे. नेताना श्रीनिवासने मला दोनदा विचारलं, "वरून गोडंच पाणी ना, सर?"

त्याला आता काही आठवडे झाले. शकूरभाईंकडची फुलं उघडली. श्रीनिवासकडची अर्धीमुर्धी उघडली, तो मला निरोपांवर निरोप धाडतो आहे. माझ्याकडची मिटलेलीच आहेत. पाणी बदललं, जागा बदलली, ऊन कमी करून पाहिलं. वीज जाते तेव्हा सायकलचा पंप घेऊन हाताने हवा मारत बसतो, बायको कपाळावर हात मारते. दाजींचं म्हणून जे काही माझ्या हातात आलं ते माझ्याच घरात मरणार, ही धास्ती मला कुठे टेकू देत नाही. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मध्येच थांबतो. आणि रोज संध्याकाळी आक्काकडे गेलो की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "उघडलं का रे?" मग मी सांगत बसतो... वेळ लागतो, दाजी म्हणायचे की एखादं फूल दगड धरायला फार नखरे करतं, दाजींनी एकदा असं केलं होतं, दाजी अशा वेळी तसं करायचे...

गेल्या रविवारी माझा तोल गेला. ती सुपात गहू निवडत बसली होती. मी चप्पलही काढली नव्हती आणि तिने विचारलं, "उघडलं का?" मी ओरडलोच, "आक्का, रोज रोज काय विचारतेस? उघडलं की पळत येऊन सांगीन की मी!" तिने सूप खाली ठेवलं. "मला काय करायचंय रे तुझ्या त्या फुलांचं? जलमभर मी त्येंच्या नावानं बोटं मोडली." मग म्हणाली, "हितं येणारं कुणीबी ह्यांचं नाव काढत न्हाय. मी समोर आले की गप बसत्यात. सासरहून लेक येऊन गेली, ती बी पावसापाण्याचं बोलून गेली. आत्याबाई तर डोळ्यानं खुणा करत्यात लोकास्नी. येवढा माणूस ह्या घरात ऱ्हात हुता का न्हवता, मलाच कळंना झालंय. उघडलं का म्हणून इचारलं, की तू तेवढा बोलतोस त्येंच्याबद्दल. म्हणून इचारते."

मी चप्पल काढून खाली बसलो. तिने सूप परत मांडीवर घेतलं आणि खाली मान घालून खडे वेचत म्हणाली, "रत्नागिरीला त्या खडकावर एकलेच जाऊन बसले हुते व्हय?" ही गोष्ट तिने शंभरदा ऐकली होती, स्वतः दाजींच्या तोंडून ऐकली होती. मी पहिल्यापासून सांगायला लागलो.

हे लिहिता लिहिता दोनदा उठून बघून आलो. अजून मिटलेलीच आहेत. संध्याकाळी आक्काकडे जायचं आहे.