माफीचा व्हिडिओ

गुजरातेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत साड्यांना टिकल्या चिकटवणारी एक मुलगी राहते. घरात अहिराणी बोलते, मोबाईलसमोर गुजराती. बोलण्याआधी ओढणीने कॅमेरा पुसते. तिचे व्हिडिओ पाहून नगरसेवकसुद्धा तुंबलेलं गटार बघायला धावत आला होता.

एकदा तिने पाणी सोडणाऱ्या माणसाला व्हिडिओत कामचोर म्हटलं. सगळ्या गल्लीने त्याला शिव्या घातल्या. मीही मागे नव्हते. नंतर कळलं, पाणी टाकीवरूनच बंद होतं. तिने त्याच्या दारात उभं राहून माफीचा व्हिडिओ केला. तो कोणी बघेना, तेव्हा मोबाईल घेऊन घरोघर फिरली.

माझ्या दारात म्हणाली, "मावशी, पुरा बघा. शिव्यापण पुऱ्याच दिल्या होत्या तुम्ही."