सिंधूबाईंचा कुड्याचा काढा

सिंधूबाई दुसऱ्याला औषध देताना आधी स्वतः पीत. आजारी माणसासमोर बसून अर्धी वाटी रिकामी करत आणि उरलेली पुढे करत. "पयले मी. मेली तं तुमी वाचले," असेही वर म्हणत. हे त्या धीर द्यायला म्हणत.

पोंभुर्ण्याजवळच्या गावी मी शाळेवर रुजू झाले, तेव्हा त्यांच्याच घरातली एक खोली भाड्याने घेतली. बाई सकाळी तलावाचे मासे बाजारात विकत आणि दुपारी अंगणात येणाऱ्यांना झाडपाला देत.

ऑगस्टात मला आव झाली. दिवसातून दहा वेळा परसात जाणे सुरू झाले. बाईंनी जंगलातून आणलेली कुड्याची साल उकळली. काढ्याचा रंग चहासारखा होता. साम्य तिथेच संपले. रोज तीन वेळा, तीन दिवस आम्ही दोघींनी तो प्यायला.

आव थांबली. मग सगळेच थांबले. चौथ्या दिवशी पोट ढोलासारखे झाले, तोंडाला कोरड पडली, उभे राहिले की घर फिरू लागले.

"काढा आपलं काम करून राह्यला," बाई म्हणाल्या.

"पण काम संपलं ना त्याचं?"

"त्याले कोन सांगन?"

बाई बोलत होत्या खांब धरून. दोन दिवस त्या बाजारातही गेल्या नव्हत्या. धडधाकट पोटात त्यांनी माझ्याएवढाच काढा ओतला होता. मग आम्ही पिकलेली पपई खाल्ली, कढत पाणी प्यायलो आणि एकीमागे एक अंगणात फेऱ्या घालू लागलो. कुंपणापलीकडून शेजारीण यमुनाबाईंनी विचारले, "कोनता नवस फेडून राह्यल्या?"

"मोकळं व्हाचा," बाईंनी न थांबता उत्तर दिले.

पाचव्या दिवशी मी वर्गात फळ्यासमोरच कोसळले. बाईंनी मला ऑटोत घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी काय घेतले ते विचारले, तेव्हा मला वाटले, बाई गप्प राहतील. त्यांनी कमरेच्या पिशवीतून सालीचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. "हे. मुठभर, तीन येळा, तीन रोज. म्याच देल्लं."

"तुम्हीही घेतलं?"

"हो."

डॉक्टरीणबाईंनी दोघींचा रक्तदाब तपासला आणि बाईंनाही माझ्या शेजारच्या खाटेवर झोपवले. दोघींना सलाईन लागले. माझ्या तपासणीत आवेचे जंतू तसेच सापडले. सालीचे प्रमाण फार झाले होते, त्यानेच पोट बांधले आणि चक्कर आली, असे डॉक्टरीणबाईंनी समजावले व गोळ्या लिहून दिल्या.

बाईंनी खाटेवरूनच मला विचारले, "मंग म्या काय थांबवलं?"

"फक्त परसात जाणं," मी म्हणाले.

त्यानंतर खरजेला, खरचटण्याला त्या पाला देत राहिल्या. पोटाचे दुखणे आले की मात्र आधी विचारत, रगत पडते का, ताप हाये का. 'हो' म्हटले की दवाखाना. कोणी हट्ट केला तर माझ्याकडे बोट दाखवत. "या मॅडमले म्या पाडलं व्हतं." मी मान डोलवत असे. हळूहळू अंगण ओस पडले. बाईच्या हाताचा गुण गेला, असे गाव म्हणू लागले.

पुढच्या वर्षी यमुनाबाईंच्या गरोदर सुनेला आव झाली. सातवा महिना होता. यमुनाबाई काढा मागायला आल्या. बाईंनी नाही म्हटले.

"काऊन? आता तुले येत नाई?"

ज्या बाईंकडे तीन गावांची माणसे येत, त्यांनी पायात चपला सरकवल्या.

"हो, नाई येत मले," त्या म्हणाल्या. "सुनेले बाहेर आन. ऑटो बलावतो."

सून आठवडाभर दवाखान्यात होती. पुढे दिवस भरून मुलगी झाली. बारशाला सगळे गाव गेले. काढा नाकारलेल्या बाईंना बोलावणे नव्हते. मी गेले नाही, म्हणून त्या माझ्यावर चिडल्या. त्या दिवशी अंगणात आम्ही दोघी मासे साफ करत बसलो होतो. कुंपणापलीकडे पाळण्याचे गाणे चालले होते आणि पोर त्याच्या वरताण रडत होती.

बाईंनी हातातला मासा खाली ठेवला. ऐकत राहिल्या.

"आवाज ठणठणीत हाये," त्या म्हणाल्या.