रंभाजीचं शनिवारचं तेल

अर्धं अंगण सारवून झालं होतं आणि माझे हात कोपरापर्यंत शेणात होते, तेव्हा रंभाजी फाटकाशी येऊन उभा राहिला.

"वैनी, हात धुवा आनि गाडीत बसा."

"कुठं जायचंय?"

"कुठं न्हाई. नुसतं बसायचं. सुमनबाईलाबी सांगून आलोय. आनि ज्वारीचं पोतं हाय का घरात? आर्दं असलं तरी चालंल."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. चेहरा काळा झालेला, डोळे रात्रभर न मिटल्यासारखे लाल, पण चेष्टेचा मागमूस नाही. मी शेणाची पाटी बाजूला सारली आणि हात धुवायला मोरीवर गेले. त्या तारखेला माझ्या वहीत एवढंच आहे: "अंगण अर्धं राहिलं. गाडीत बसलो." आज वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई कुठं गावाला गेली असेल.

ही गोष्ट एकाहत्तर सालची. होळी नुकतीच झालेली. आम्ही नगरला नालेगावात राहायचो आणि रंभाजी आमच्या भिंतीला भिंत लावून. मूळचा श्रीगोंद्याकडचा. आधी साखर कारखान्याच्या ट्रकवर होता, मग कुणा व्यापाऱ्याची जुनी राखाडी फियाट घेऊन ती भाड्यानं फिरवू लागला. त्याची बायको भागिरथी काविळीनं गेली तेव्हा त्यांची चांगुणा जेमतेम परकर नेसायला लागली होती. रंभाजीनं दुसरं लग्न केलं नाही. मुलीची वेणी स्वतः घालायचा, आणि इतकी घट्ट घालायचा की पोरीच्या भुवया वर चढलेल्या दिसायच्या. पलीकडच्या सुमनबाई ओरडायच्या, "रंभाजी, पोर हाय ती, चाकाचा नट न्हाई!"

या माणसाला करकर म्हणून सहन व्हायची नाही. दर शनिवारी आंघोळ करून आधी मारुतीला तेल घालायचा, मग घरून दुसरी वाटी भरून गल्लीभर हिंडायचा. कुणाच्या दाराची बिजागरी, कुणाच्या आडाचा रहाट, माझं शिवणाचं मशीन, पाळण्याच्या कड्या, सगळ्यांना थेंब थेंब पाजून यायचा. शेवटी ग्रीसचा डबा घेऊन स्वतःच्या गाडीखाली शिरायचा आणि हात पोचेल तिथं ते काळं ग्रीस भरायचा. म्हणायचा, "आवाज म्हंजी उपाशी लोखंड, वैनी. खायला घातलं की गप बसतं." त्या काळी शनिवारी दुपारी आमच्या गल्लीत दार लोटलं तर लोटलेलं कळायचं नाही. परवा परवा एका नव्या घराचं दार कुरकुरलं आणि मला त्याची आठवण झाली, म्हणून तर हे लिहायला घेतलं.

एकच आवाज त्याच्या ग्रीसनं गप्प बसला नाही. वळण घेताना गाडी एका अंगाला कलायची आणि खालून ठक्क व्हायचं. आदल्या साली संक्रांतीला तो चांगुणाला सासरहून, तिसगावहून, घेऊन येत होता. तिला दिवस गेलेले. करंजी घाटात समोरून ट्रक आला, रंभाजीनं चाक वळवलं, गाडी कलली, ठक्क झालं आणि चांगुणा दारावर आदळली. लागलं काहीच नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात तिचं पोट रिकामं झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रवासाचा दोष नाही, पहिलटकरणीचं असं होतं कधी कधी. ते आम्ही ऐकलं. तिच्या सासूनं, राहीबाईनं, ऐकलं नाही. आणि खरं सांगायचं तर रंभाजीनंही नाही. तो नुसता दर शनिवारी आणखी ग्रीस भरू लागला.

आता चांगुणाला पुन्हा सातवा लागला होता. राहीबाईचा सांगावा आला: "सुनेला धाडीन, पन त्या खडखड्यातून न्हाई." एस.टी.च्या धक्क्यांत तिला बसवायला रंभाजीचं मन घेईना. सातवा सरत आलेला. आठव्यात बाईला वेस ओलांडू देत नाहीत. म्हणजे आत्ता आली तर आली, नाहीतर आईविना वाढलेल्या पोरीला बाळंतपणात माहेर नाही. रंभाजीनं खोली चुना लावून ठेवली होती, बाज विणून घेतली होती. जेवायला बसला की घास हातात धरून बसायचा.

शेवटी आदल्या दिवशी त्यानं गाडीचं पुढचं अंग उचललं आणि खालचा आडवा दांडा सोडवला. हा दांडा पुढच्या दोन्ही चाकांना जोडून ठेवतो, म्हणजे वळणावर गाडी एकीकडं झुकत नाही. तो लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला असतो आणि पट्टीच्या आत रबराचा जाड बुश असतो, दांड्याला कवळून धरणारा. ते बुश काढून रंभाजी स्पेअरपार्टवाल्या बन्सीकडं गेला. पुढं काय झालं ते त्यानंच मला सांगितलं.

बन्सीनं बुश दोन बोटांत दाबला. तो वाटाण्यासारखा चेपला.

"रंभाजी, हे रबर हाय का शिजवलेला वाल?"

"दर शनवारी ग्रीस भरतो की त्याला."

"मग बरोबर हाय. लोखंडाला ग्रीस म्हंजी तूप, पन रबराला इख. फुगतं, मऊ पडतं, मग आत दांडा मोकळा नाचतो. पुरतं शिजवलंस की रे."

"मग सुकं बसवू?"

"सुकं बसवलंस तर कुईकुई करंल, तुला झोप यायची न्हाई. एरंडेल लाव. त्यानं रबराला काय हुत न्हाई."

संध्याकाळी रंभाजी आमच्या पायरीशी आला. "वैनी, एरंडेल हाय?"

मला वाटलं, पोट बिघडलं. मी विचारलं, "चमचाभर पुरे का? कोऱ्या चहातून घ्या."

"मला न्हाई, गाडीला."

मी बाटली आणून दिली. ती हातात धरून तो तिथंच पायरीवर बसला. मग हळूच म्हणाला, "वैनी, गेल्या साली, त्या येळी पन हे असंच मऊ झालं असंल का?"

देव्हाऱ्यात दिवा लावायची वेळ झाली होती. मी म्हटलं, "आधी नवं बसवा." तो मान हलवून उठला. भिंतीपलीकडं त्याचा कंदील पुष्कळ वेळ दिसत होता.

तर अशा रात्रीनंतरची ती सकाळ. मी हात पुसत बाहेर गेले तेव्हा दांडा धुऊन, पुसून, पॉलिश कागदानं घासून जागी लागला होता. नवे बुश काळेभोर, ताठ. त्यांच्या आतल्या कडेला त्यानं एरंडेलाचं बोट फिरवलं, लहान मुलाच्या टाळूला तेल लावावं तसं, आणि अंगठ्यानं दाबून ते दांड्यावर बसवले. मी करंडा घेऊनच गेले होते. म्हटलं, नव्या वस्तूला हळदकुंकू लावते.

"नगं वैनी! रबराला काय चालतंय न्हाई चालत, माझा भरवसाच उडालाय. वर पत्र्याला लावा."

मी वर पत्र्याला लावलं.

पट्ट्यांचे नट त्यानं सैलच ठेवले होते. गाडीची पुढची चाकं दोन जाड ओंडक्यांवर चढवली, म्हणजे भार चाकांवरच, पण खाली माणूस सरकेल एवढी जागा. मग आम्हाला बोलावणं. बन्सीनं त्याला बजावलं होतं की गाडी उचललेली असताना आवळलं तर रबर पिरगळून बसतं, आणि माणसं बसली की ताणून फाटतं. जेवढी माणसं न्यायची तेवढा भार घालून मगच आवळायचं.

पुढं सुमनबाई बसल्या, मागं मी आणि अर्धं पोतं ज्वारी. रंभाजी उताणा होऊन खाली सरकला.

"रंभाजी," सुमनबाई खिडकीतून म्हणाल्या, "गाडी खचली तर तुझ्या उरावर आमी."

"तेच पायजे. गाडीला तुमचा भार कळू द्या."

"माझा भार साऱ्या गल्लीला ठावं हाय. तुझ्या दांड्याला कशाला येगळा सांगायचा?"

"हलू नगा. हसू बी नगा, नट चुकतोय!"

आता हसू नका म्हटल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. सुमनबाई हसल्या की आधी खांदे हलतात, मग गाडी. खालून रंभाजी ओरडतोय, आणि शेजारी ज्वारीचं पोतं गप्प, शहाण्या सुनेसारखं. जरा वेळानं खालून आवाज आला, "वैनी, पोतं जरा मदी सरकवा. चांगुणा आता दाराला टेकून बसत न्हाई."

आमचं हसू तिथंच थांबलं. मी पोतं मधे ओढलं आणि त्याच्यावर हात ठेवून बसले. खाली पान्याचा आवाज एकेक आट्यानं पुढं सरकत होता.

दोन दिवसांनी आम्ही तिसगावला गेलो. त्याच्या घरात बाईमाणूस नाही, म्हणून ओटीचं सामान घेऊन मी. राहीबाई दारातच उभ्या होत्या, कमरेवर हात.

"आलात व्हय? आवाज न्हाई आला गाडीचा. वेशीतच ठेवली का?"

"दारात हाय, इहीनबाई."

त्या बाहेर आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर थाप मारली. "लोखंड तर तेच हाय."

"लोखंड तेच, रबर नवं."

"रबरानं काय हुतंय?"

मला वाटलं, आता ही बाई नाही म्हणणार. चांगुणा उंबऱ्याच्या आत उभी, लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत. बापाकडं बघायचं धाडस तिला होईना. मी ओटी भरली, नारळ दिला आणि म्हटलं, "राहीबाई, तुम्ही सांगाल तसं."

त्यांनी आमच्याकडं बघून बोटं मोजली. "ह्यो एक, तुमी दोन, पोरगी तीन. तिघांनी कुठं निघत्यात व्हय?"

रंभाजी म्हणाला, "चौथं हाय की, पोटात."

"पोटातलं मोजायचं नसतं," राहीबाई एकदम म्हणाल्या. मग त्या आत गेल्या आणि अंगावर शाल घेऊन बाहेर आल्या. "चौथी मी येते. घाटात माझ्या डोळ्यांनी बघते. पोरीला एक जरी हिसका बसला, तर तिथनंच माघारी."

असे आम्ही निघालो. राहीबाई पुढं, हनुवटी वर करून, काचेबाहेर डोळे लावून. मागं चांगुणा आणि मी. ती दाराला टेकली नाही. करंजी गेलं, घाट लागला. रंभाजीच्या मानेवर घाम दिसत होता. उन्हानं डोंगर भाजून पिवळा पडलेला, आणि पुढं ते वळण. चांगुणानं माझा हात धरला. मी मनात देवाचं नाव घ्यायला लागले. रंभाजीनं चाक वळवलं.

गाडी सरळ राहिली. वळणाबरोबर वळली, आणि खालून काहीही आलं नाही. पुढचं वळण. त्याच्या पुढचं. तरी चांगुणाची पकड सुटेना. तेवढ्यात एक बारीक घुर्र ऐकू आलं, आणि रंभाजीचा पाय दचकून ब्रेककडं गेला. मी पुढं वाकून बघितलं. राहीबाईंची हनुवटी छातीवर टेकली होती. पहाटेपासून राबलेली बाई ती, गाढ झोप लागली होती.

रंभाजीनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी तोंडावर बोट ठेवलं. चांगुणानं माझा हात सोडला आणि पदरात तोंड खुपसून हसायला लागली.

भिंगारच्या नाक्यावर टांगेवाल्यानं घंटी वाजवली तेव्हा राहीबाई जाग्या झाल्या. शाल सावरली. "घाट कवा हाय?"

"घाट गेला, इहीनबाई."

त्यांनी मागं वळून चांगुणाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मी काय झोपले न्हवते. डोळं मिटून ऐकत हुते."

"ऐकू काय आलं?" मला राहवलं नाही.

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. आणि पुन्हा एकदा, हळू, "काय न्हाई आलं."

घरी आल्यावर त्यांनी चुन्याची खोली बघितली, बाज दाबून बघितली, पाणी कुठनं आणायचं ते सुमनबाईंना विचारलं. चांगुणाला बाजेवर बसवून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग बाहेर आल्या आणि पायरीवर चहा पीत बसलेल्या रंभाजीसमोर उभ्या राहिल्या.

"बाळंत हुईस्तवर हितंच राहू द्या. सव्वा महिन्यानं न्यायला मी येईन. तवा हीच गाडी पायजे, दुसरी चालायची न्हाई."

रंभाजीनं खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं. तो ग्रीसचा होता. काळा पट्टा कपाळभर उमटला. कुणी सांगितलं नाही त्याला.

"आता बसता काय?" राहीबाई म्हणाल्या. "म्हशीची धार राहिलीय माझी. दिस हाय तवर पोचवा."

त्यानं चहाची बशी खाली ठेवली, किल्ली घेतली आणि विहीणबाईंना तिसगावला सोडायला निघाला.