सुराबायाचा लाल पूल

२००३ चा नोव्हेंबर. मी ब्रिटिश आर्मीच्या बॉम्ब डिस्पोजल ट्रूपमध्ये कॉर्पोरल होतो. जन्म स्लाऊचा, पोस्टिंग साउथहॅम्प्टनजवळ. इंडोनेशियन आर्मीचे कॅप्टन विरावान कोर्ससाठी आमच्याकडे अटॅच होते.

दहा तारखेला परेड सुटल्यावर ते मैदानाच्या टोकाला एकटेच सावधान उभे राहिले. परत आल्यावर मी कारण विचारलं.

"आज आमचा हारी पहलावान. वीरांचा दिवस," ते म्हणाले. "१९४५ मध्ये सुराबाया शहर ब्रिटिश फौजेशी लढलं. माझे आजोबा शाळेत शिकवायचे. लाल पुलाजवळ गोळी लागून गेले."

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. माझे आजोबा त्याच फौजेतल्या मराठा पलटणीत होते, त्याच शहरात.

तेवढ्यात कॉल आला. डॉकच्या गाळात महायुद्धातला जर्मन बॉम्ब सापडला होता.

कॅप्टन आणि मी खड्ड्यात उतरलो. स्टाफ सार्जंट हॅरिस लांब, वाळूच्या पोत्यांमागे रेडिओवर. फ्यूज घड्याळाचा होता; घड्याळ चालू झालं की ठरल्या वेळी स्फोट. ते घड्याळ थोपवून धरायला त्यावर जड इलेक्ट्रोमॅग्नेट बसवायचा होता. मी स्टेथोस्कोप लावून ऐकत होतो. अचानक खड्ड्याची कड ढासळली. माझा पाय मांडीपर्यंत गाळात गेला आणि कानात टिकटिक सुरू झाली.

"क्लॉक रनिंग," मी रेडिओवर सांगितलं.

"दोघंही बाहेर. आत्ता," हॅरिसचा आवाज आला.

"सर, तुम्ही जा. माझा पाय अडकलाय."

"गप्प बस, कॉर्पोरल. ते हँडल धर."

मॅग्नेट कॅप्टननी छातीशी कवटाळून ओढत आणला. मी पडल्यापडल्या दुसरी बाजू खेचली. तो बॉम्बच्या अंगावर बसला.

"स्विच ऑन," कॅप्टन रेडिओवर म्हणाले.

हॅरिसनी लांबून करंट सोडला. टिकटिक चालूच होती. मग थांबली.

त्यांनी हातांनी गाळ उपसून माझा पाय सोडवला.

पोत्यांमागे चहा घेताना मी आजोबांचं सांगून टाकलं. कॅप्टन बराच वेळ हात पुसत राहिले.

"आहेत अजून?"

"हो. स्लाऊला, आमच्या घरी."

"मला भेटायचंय."

रविवारी गेलो. आजोबा कोट घालून दारातच उभे होते. दोघांमध्ये दुभाष्या मी.

"जपान्यांच्या छावण्यांतले कैदी सोडवायचेत, असं आम्हाला सांगितलं होतं," आजोबा म्हणाले. "मग लढाई जुंपली. माझा दोस्त त्या लाल पुलाजवळच मारला गेला. नाईक धोंडू सकपाळ, पोलादपूरचा." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्या आजोबांचं नाव काय, कॅप्टनसाहेब?"

"हर्तोनो."

उच्चार नीट जमेपर्यंत आजोबांनी ते नाव म्हणून पाहिलं. मग आईने पानं वाढली.

पुढच्या वर्षी दहा नोव्हेंबरला दुपारी आमच्या घरचा फोन वाजला. सुराबायात संध्याकाळ झाली होती. कॅप्टन लाल पुलावर उभे होते. मी स्पीकर लावला. आधी गाड्यांचे हॉर्न ऐकू आले, मग त्यांचा अडखळता आवाज.

"नाईक धोंडू सकपाळ. पोलादपूर."

आजोबा खुर्चीला धरून उठले आणि सावधान झाले.

"हर्तोनो," ते म्हणाले. "सुराबाया."