चाळणीबाईंनी गाळलेलं वाक्य

गुरुजींची प्रवचनं एकोणीस वर्षं टाइप करणाऱ्या बाईंना सगळे चाळणीबाई म्हणत. गुरुजी एकच गोष्ट तीनदा सांगत, भरात आले की एखाद्याची सालटीही काढत. पण सोमवारी प्रवचनाचं पत्रक छापून येई तेव्हा त्यात खडा म्हणून सापडत नसे. ‘लबाड व्यापारी’चे ‘काही व्यापारी’ झालेले असत. गुरुजी न वाचताच सही ठोकत. वर्तमानपत्रंही तेच पत्रक उचलत, तेवढंच त्यांचं काम वाचे.

ज्यांनी जन्मात कधी राजकारणाचा ‘र’ काढला नव्हता, ते गुरुजी त्या आठवड्यात सरळ म्हणाले, “सीमेपलीकडून आलेल्या घरांची नावं मतदारयादीतून उडवणं हे पाप आहे. ते आपलं सरकार करतंय, आणि आपण टाळ्या वाजवतोय.” पुढच्या रांगेतले संस्थेचे दोन विश्वस्त उठून गेले.  बाईंच्या खालच्याच मजल्यावर सीमेपलीकडून आलेली एक शिंपीण राहत होती, आणि तिच्या घरातली पाचही नावं उडाली होती. पुढच्या गुरुवारी त्यावर सुनावणी होती.

बाईंनी वाक्य लघुलिपीत जसंच्या तसं उतरवलं. सोमवारी छापून आलं ते असं: ‘कुठे कुणावर अन्याय होत असल्यास तो दूर व्हावा.’

सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही पक्षांनी गुरुजींचं अभिनंदन केलं. बाईंनी पत्रक वाचलं आणि वही काढून ताडून पाहिलं. हे आपण कधी केलं? सवयीनं? की भाऊ सत्ताधारी पक्षाचा झेंडा घेऊन फिरतो म्हणून? की निव्वळ भीतीनं? डोकं खाजवून खाजवून त्या दमल्या. आठवत होता फक्त टाइप करतानाचा निवांतपणा.

वही घेऊन त्या गुरुजींकडे गेल्या. “माझ्या हातून चूक झाली. उद्याच दुरुस्ती छापू या.”

गुरुजींनी वही मिटून परत दिली. “राहू द्या, बाई. विश्वस्तांचे फोन थांबलेत. वहीतलं ते पान तेवढं काढून टाका.”

बाई बोलणी खायच्या तयारीनं गेल्या होत्या, आणि इथे तर त्यांचे आभारच मानायचे बाकी होते. संताप आला, पण कुणावर काढायचा? बोलून माघार घेणाऱ्यावर, की त्यांना न विचारताच त्यांची माघार छापणारीवर? वही पिशवीत घालून त्या घरी आल्या.

जिन्याच्या तोंडाशी शिंपीण उभी होती. “ताई, तुम्ही तिथेच असता म्हणून विचारते. गुरुजी आमच्यासाठी बोलले, असं आमचे हे म्हणतात. दाराबाहेर उभं राहून ऐकलंय म्हणे. पत्रकात तर काहीच नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं. दोन दिवस झाले, गप्प बसून आहेत.”

‘नाही बोलले’ एवढं म्हटलं असतं तर सुटका होती.

“त्यांना नीट ऐकू येतं,” बाई म्हणाल्या. “गुरुजी बोलले. अगदी स्पष्ट बोलले. माझ्या वहीत आहे. गुरुवारी मी वही घेऊन तुमच्याबरोबर येते.”

“मग पत्रकात का नाही?”

“मी काढलं.”

शिंपीण भांडली नाही. तिनं नुसतं विचारलं, “का हो, ताई?”

बाई पायरीवर बसल्या. खरं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं, पण खरं काय ते त्यांनाच माहीत नव्हतं.